आगीपाशी उभा राह्यलो त्याची गोष्ट

हिंगणघाट, संक्रांतीनंतरचा बुधवार, १९५६

तीर्थरूप मायले गुणवंताचा दंडवत.

मी सुखरूप आहे, पोटभर जेवतो. जिनात सरकी काढताना दिवसभर कापूस हवेत तरंगते, ऊन आलं की वाटते आपण ढगातच काम करून राह्यलो. धाकट्या मीराचा खोकला थांबला काय?

आपले वासुदेवराव परवा कापसाची गाडी घेऊन आलते. ते गावात सांगतील, जिनात आग लागली अन् गुणवंत नुसता उभा होता. खरं आहे, माय. पण पुरं ऐकजो.

इथं आम्हाले आगीची तालीम देतात. शिकवणारे बापूजी म्हणतात, सगळेच धावले तर आगीवर नजर कोण ठेवील? एकानं उंचावर उभं राहून पाहायचं अन् हुकूम द्यायचा, बादलीले हात लावायचा नाई. तालमीत मी बादली उचलली, तर ओरडले, "अबे, तू डोळा आहे, हात नाई!"

परवा ती पाळी माझी होती. गाडीवर चढलो. वासुदेवराव खालून म्हणे, "काऊन बे, तमाशा पाहून राह्यला काय?" हात शिवशिवले. पण वरून सगळं सपनासारखं हळूहळू दिसे. वारा फिरला, आग मोठ्या दाराकडे सरकली, अन् आतल्या बाया तिकडंच धावून राह्यल्या. मी ओरडलो, "मागच्या दारानं!" साऱ्या निघाल्या.

बाबाले हे तूच सांगजो, वासुदेवरावाच्या आधी. मी घर सोडून इथं आलो त्याचा त्याईचा राग गेला तर दोन ओळी धाडजो. नाई गेला, तरी धाडजो.

तुझ्या आठवणीत,
गुणवंत