सतरा मिनिटांत मी कुठे?

८ फेब्रुवारी

ड्रमरने आज वेड लावलं! मोठ्याने मोजल्याशिवाय त्याला वाजवताच येत नाही. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात — सतरा मिनिटं! सगळी मोजणी माइकात. रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला. शेवटी ड्रमरच्या तोंडात च्युइंगम कोंबलं. तोंड गप्प झालं, मान मोजायला लागली. वाजवलं मात्र असं की मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अल्बममध्ये कीबोर्ड वाजवला. गायकांच्या मागे, बासरीच्या मागे, एका जाहिरातीत तर चक्क कोंबड्याच्या मागे. आता शेहेचाळिसाव्या वर्षी माझा पहिला अल्बम. कव्हरवर मी, आणि पाहुणे कलाकार आतल्या पानावर! आजवर मी कायम आतल्या पानावर होते. तेही स्पेलिंग चुकवून.

९ फेब्रुवारी

आईने विचारलं, “हे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नक्की काय गं?”

म्हटलं, लांबलचक रचना असतात, मधेच ताल बदलतो, एकातून दुसरंच निघतं.

“म्हणजे संपत नाही.”

संपतं आई. सतरा मिनिटांनी.

“मग तुझी मावशी बरी. फोनवर बारा मिनिटांत आटपते.”

११ फेब्रुवारी

तुफान आला. कॉलेजच्या बँडपासूनचा मित्र, आता गिटारवाला म्हणून मोठं नाव. दोन तास उशिरा, तीन गिटारी घेऊन, वर मलाच म्हणतो, “अगं, तू इतक्या लवकर कशी आलीस?” काय बोलणार, कपाळ!

त्याला मी शेवटच्या भागात पन्नास सेकंदं दिली होती. त्यानंतरची चार मिनिटं माझी — सतरापैकी तेवढीच, आधीच वाजवून ठेवलेली. सगळा अल्बम त्या चार मिनिटांसाठी लिहिलाय. हे कुणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहितेय. हेडफोनमध्ये त्याला स्वतःचं नीट ऐकू येत नव्हतं, त्याची सोय करून दिली. मग गडी रंगात आला. पन्नास सेकंदं संपली तरी थांबेना. म्हणाला, “पुढे मोकळंच आहे की! जरा खेळू?” म्हटलं, खेळ की! पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

खेळला. चांगला चार मिनिटं खेळला. भटाला दिली ओसरी — पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

१२ फेब्रुवारी

आजही मी काही वाजवलं नाही. बासवाल्याला चहा मात्र वेळेवर मिळाला.

२० मार्च

मिक्स हातात आलं!! चार वेळा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना रडले, तिसऱ्यांदा ऐकताना नवऱ्यालाही रडायला लावणार होते, पण तो गॅसवाल्याची वाट बघत दारात उभा होता. काय तो ड्रम! काय ती गिटार! हे मी केलं? मी?

२१ मार्च

आईला ऐकवलं. सोफ्यावर मांडी घालून बसली, चष्मा लावून. ऐकायला चष्मा कशाला, विचारलं नाही. सतरा मिनिटं हूं की चूं नाही. संपल्यावर म्हणाली, “छान आहे. पण तू कधी वाजवतेस?”

हसले. म्हटलं, आई, हे काय, शेवटी चार मिनिटं मीच तर —

परत लावलं.

मी नव्हते. गिटार होती, ड्रम होता, बास होता. मी कुठेच नव्हते. आणि हे चार वेळा ऐकून, रडून, मला कळलं नव्हतं! वऱ्हाड जेवून गेलं आणि नवरीच आणायची राहिली. आईला म्हटलं, “आवाज जरा कमी आहे माझा.” ती म्हणाली, “तो तर लहानपणापासून.”

हसू आलं नाही.

२२ मार्च

स्टुडिओत गेले. शेवटच्या भागातला माझा ट्रॅक म्यूट! लाल बटण ढळढळीत चालू. महिनाभर!

मी कधी कुणावर ओरडत नाही. आज ओरडले. रेकॉर्डिस्ट माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी बावीस वर्षं मला ताई म्हणतो. त्याला म्हटलं, “डोळे आहेत का बटणं? ज्याचा अल्बम त्यालाच बंद करून ठेवलंस? माझ्या जागी तुफान असता तर केलं असतंस?” अजूनही बरंच म्हटलं, लिहिण्यासारखं नाही. तो उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, “चुकून राहिलं असेल, ताई.” असेल म्हणे! असेल काय, आहे!

बाहेर आले. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

२३ मार्च

म्यूट काढलं. आता पंचाईत वेगळीच. तुफानची चार मिनिटं आणि माझी चार मिनिटं एकमेकांच्या उरावर. दोन माणसं एकाच दारातून एकदम आत शिरताहेत. आवाज कमी-जास्त करून भागणार नाही. एकाला जावं लागेल.

रेकॉर्डिस्टने विचारलं, “कुणाला ठेवू?” मी म्हटलं, उद्या सांगते.

२४ मार्च

सांगितलं नाही. पंखे पुसले.

२५ मार्च

खिडक्याही झाल्या. नवरा म्हणाला, “त्याला फोन तरी कर, नाहीतर शेजाऱ्यांकडची साफसफाईही तूच करशील.”

तुफानला दुखवायचं नाहीये मला. तो नुसत्या मैत्रीखातर आला होता. आणि वाजवलंय खरंच अप्रतिम. पण या वेळी मी गेले तर परत कधी येणार? भीती वाटते.

२६ मार्च

केला फोन. उभ्यानेच. आधी कागदावर वाक्य लिहून घेतलं होतं, तरी नको ते बोलले. “तुझी तब्येत कशी आहे” असं तीनदा विचारलं.

मग म्हटलं, तुझी पहिली पन्नास सेकंदं ठेवतेय. बाकी काढतेय.

“सगळी?”

सगळी.

“या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं वाजवणं होतं ते.”

हो. होतं.

मग, “बघ बाई, अल्बम तुझा.” आणि ठेवला.

रागावला की खरंच पटलं, देव जाणे. पण घेतलेला निर्णय मागे घेणार नाही.

२८ मार्च

माझा जुना टेक ऐकला आणि लाज वाटली. किती अदबीने वाजवलंय! जणू कुणाची झोपमोड होईल. फेकून दिला. ड्रमरला बोलावलं, तो समोर बसून मोजत होता — या वेळी च्युइंगम दिलं नाही. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात! तिसऱ्या मिनिटाला मी चुकले, तशीच पुढे गेले, आणि ती चूक इतकी झकास निघाली की तीच ठेवली. संपल्यावर ड्रमर अजून मोजतच होता.

रेकॉर्डिस्टशी मात्र कामापुरतंच बोलले. अढी आहे मनात. असू दे.

२ एप्रिल

आतल्या पानावर रेकॉर्डिंगच्या तारखा हव्या होत्या, म्हणून स्टुडिओतली नोंदवही मागितली. रेकॉर्डिस्ट म्हणाला सापडत नाही. परत मागितली. म्हणाला, मी बघून सांगतो ना, तुम्ही कशाला. संशय आला. तो जेवायला गेला तेव्हा त्याच्या खणातून मीच काढली.

११ फेब्रुवारी. “शेवटच्या भागात कीबोर्ड बंद ठेवला आहे. पाहुण्यांना अडचण नको.”

अक्षर माझं.

तो परत आल्यावर वही पुढे धरली. म्हटलं, इतकं ऐकून घेतलंस, बोलला का नाहीस?

म्हणाला, “ताई, बावीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा स्वतःसाठी ओरडत होता. मधे कशाला बोलू?”