कन्येला सावरण्याची योजना

४ ऑगस्ट
नव्या गावात पहिला दिवस. खोकी बावन्न, उघडलेली तीन. बढतीबरोबर बदली आली, त्याला इलाज नाही. पण कन्येचं शाळेचं शेवटचं वर्ष आणि चार महिन्यांत कॉलेजचे अर्ज! बापाच्या प्रमोशनपायी पोरीची गाडी रुळावरून घसरू द्यायची नाही. वीस वर्षं रंगाच्या कंपनीचं गोदाम सांभाळलं, एक मुलगी सावरणं काय अवघड.

५ ऑगस्ट
योजना तयार. एक, रोज शाळेत स्वतः सोडायचं. दोन, रोज अर्धा तास मनमोकळं बोलायचं. तीन, मैत्रिणी मिळवून द्यायच्या. बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, आधी गीझरवाल्याला फोन करा. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

७ ऑगस्ट, सकाळी ८.१०
शाळेचा पहिला दिवस. कन्या म्हणाली, बसने जाते. मी गाडीने बसच्या मागे मागे गेलो, रस्ता माहीत असावा एवढ्यासाठीच. फाटकाशी ती एकटी उभी होती. हॉर्न वाजवून हात केला. तिने ओळख दाखवली नाही. धक्क्यात असणार.

९ ऑगस्ट
मनमोकळं बोलण्याचा पहिला प्रयोग. एकटं वाटतं का विचारलं. नाही म्हणाली. झोप लागते का? लागते. जुन्या घराची आठवण? कधी कधी. म्हणजे सगळं आत दाबून ठेवते आहे. बोलणं चार मिनिटांत संपलं. उरलेली सव्वीस मिनिटं मी तिला माझ्या जुन्या ऑफिसबद्दल सांगितलं. तिला हलकं वाटलं असावं. मला तरी वाटलं.

१६ ऑगस्ट
कन्येच्या वर्गातल्या तीन मुली घरी आल्या. मुद्दा तीन मार्गी. कसा ते कळलं नाही, पण योजनेचाच परिणाम. देखरेख हवी म्हणून मीही त्यांच्यात जाऊन बसलो आणि गळक्या डब्याचा किस्सा सांगितला. जुन्या ऑफिसात या किश्श्यावर लोक टेबल बडवायचे. कन्येने मला पाणी आणायला पाठवलं. दोनदा.

२ सप्टेंबर
जुन्या ऑफिसातल्या दाढीवाल्याला सहज फोन केला. या आठवड्यातला चौथा. मीटिंगमध्ये आहे म्हणाला. हा माणूस जन्मात कधी मीटिंगला गेलेला नाही. असो. नव्या ऑफिसात मंडळी चांगली आहेत, फक्त कामात फार असतात. जेवणाच्या टेबलाला आठ खुर्च्या, माणसं बरोबर आठ. मला धरून नऊ. तसा मला एकांत आवडतोच.

२० सप्टेंबर
मुद्दा दोन तात्पुरता स्थगित. कन्येला वेळ नाही. नाटकाची तालीम, व्हॉलीबॉल, कुणाचा तरी वाढदिवस. दुःख विसरायला माणूस स्वतःला कामात जुंपतो, ते हेच. काळजी वाटते.

१२ ऑक्टोबर, रविवार
कन्या आज आपणहून म्हणाली, बाबा, उद्यापासून तुम्ही सोडाल का मला शाळेत? मी पेपरातून मान वर न करता बघतो म्हणालो. मग आत जाऊन बायकोला सांगितलं, सबुरीचं फळ गोड असतं. ती भाजी चिरत होती. नुसती हसली.

१५ ऑक्टोबर
आता गणितही मलाच विचारते. एका उदाहरणाला दोन तास लागले. तिचं उत्तर आधीच आलं होतं असं तिच्या वहीवरून दिसतं, पण माझं येईपर्यंत थांबली. पोरीचा आत्मविश्वास पार गेला आहे. बरं झालं, मी आहे.

४ नोव्हेंबर
कॉलेजच्या अर्जात निबंध आहे. 'तुमच्यासमोर आलेली एक अडचण आणि तुम्ही ती कशी हाताळली.' पाचशे शब्द. मी म्हणालो, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन; बदलीवरच लिही. मसुदाही करून दिला. गाव सुटलं, कुणी नावाने हाक मारत नाही, आपल्या विनोदांवर कुणी हसत नाही, वगैरे. लिहिताना मलाच दोनदा चष्मा पुसावा लागला. तिने शांतपणे वाचला. म्हणाली, छान आहे, पण हे माझं नाही बाबा. मुलं हल्ली फार संकोची.

१९ नोव्हेंबर
निबंध झाला. शुद्धलेखन तपासा म्हणाली. लाल पेन घेऊन बसलो. शीर्षक: 'बाबांची बदली'.

'शाळा बदलणं मला आठवडाभर जड गेलं,' अशी सुरुवात. 'बाबांना अजून जातंय.' पुढे लिहिलं आहे की ऑक्टोबरात एका शनिवारी शाळा लवकर सुटली. बस बाबांच्या ऑफिसवरून गेली, तेव्हा ते पार्किंगमध्ये गाडीत बसून एकटेच डबा खात होते. डबा स्टिअरिंगवर टेकवला होता. घरी मात्र म्हणाले, आज जेवताना फार हसलो. 'त्यांना कुणीतरी लागतं आणि कुणाच्या तरी उपयोगी पडणंही लागतं. म्हणून मी बस सोडली आणि गणित विचारायला लागले. गाडीत मी त्यांना रोज विचारते, आज ऑफिसात कुणाशी बोललात? आता त्यांना जमतंय. मी कॉलेजला गेले तरी जमेल.'

शुद्धलेखनाची चूक एकही नाही. तीनदा तपासलं.

तो शनिवार मी या वहीत लिहिलेला नाही. कुणी बघितलं असेल असं वाटलं नव्हतं. खूप वेळ लाल पेनाचं टोपण काढत आणि लावत बसलो.

मग तिच्या खोलीत गेलो. राग आला का, तिने विचारलं. छे, राग कसला. फक्त, मी म्हणालो, 'आता त्यांना जमतंय' हे वाक्य काढ. ते खरं नाही, आणि अर्जावर खोटं लिहू नये.

ती म्हणाली, "बाबा, मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. तोवर खरं करा."

महिनाअखेरीला अकरा दिवस आहेत.