गेलेल्याचं बटण परत लावू नये

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर पोट भरलेली बाई, वय वर्षे सदुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. शरीर नाही, पण कायद्याला फक्त बुद्धी लागते असं वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. एकजण आणायला आला होता, त्याची सोय कलम दोनमध्ये केली आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

आता सवड काढावी लागणार आहे. पोटात जे वाढतंय त्याबद्दल डॉक्टरीणबाईंना मी स्पष्ट विचारलं आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणाल्या, "बाई, राहिलेली कामं उरकून घ्या." माझं एकच काम राहिलं आहे आणि ते उरकण्यासारखं नाही. तिचं नाव चिमणी.

वकीलसाहेबांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, आधी मालमत्ता लिहा, माणसं मागाहून. मी जन्मभर उलटं केलं, पण फी त्यांची आहे, तेव्हा त्यांचं ऐकते. दुसरी, मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला यातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याला दिलेलं रद्द होतं. हे मला पटलं.

कलम एक : घर

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि पुढे शिवणयंत्रापुरती जागा, एवढं हे घर मी आणि माझ्या यजमानांनी मिळून बांधलं. ते बसदुरुस्तीच्या कारखान्यात होते आणि मी अनाथ मुलांच्या संस्थेत शिवणाला. यात वडिलोपार्जित काही नाही, त्यामुळे कुणाचा हक्क लागत नाही. घराच्या दारांना उंबरे नाहीत. बांधताना होते. चिमणी घरी आली त्या आठवड्यात यजमानांनी छिन्नी-हातोडा घेऊन सगळे उंबरे काढले, तिची चाकांची खुर्ची अडायला नको म्हणून. शेजारी म्हणाले, "अहो, पावसाचं पाणी आत येईल." हे म्हणाले, "येऊ दे की, पुसू." हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. पाणी अजून येतं आणि मी अजून पुसते.

घर कुणाला द्यायचं ते कलम पाचमध्ये आहे. घाई असेल त्याने तिथे उडी मारावी. माझा भाऊ मारेलच.

कलम दोन : भाऊ

माझा सख्खा धाकटा भाऊ मला बघायला आला तो फळं आणि घरांचा दलाल अशी दोन्ही घेऊन आला. दलाल भिंती ठोकून बघत होता तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, जरा व्यवहाराने बघ. घर विकू आणि चिमणीला कुठेतरी चांगल्या ठिकाणी ठेवू. तिला काय कळतंय ती कुठे आहे ते?"

चिमणी तिथेच होती. तिला दिसत नाही, चालता येत नाही, शब्द येत नाहीत. ऐकू मात्र तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. तो बोलत होता तेवढा वेळ तिने मान दुसरीकडे फिरवून ठेवली होती. फळं मी दलालाला दिली.

सदर भावाला मी माझी कोळशाची जड इस्त्री देत आहे. त्याला सगळं सपाट करायची हौस आहे. हे लिहिताना हसू येत होतं, पण आता येत नाही. आई आजारी होती तेव्हा याला मी कडेवर घेऊन शिवणाच्या क्लासला जायचे. एवढं लहान मूल सांभाळून मोठं केलं आणि त्याला दुसऱ्याचं मूल का सांभाळावं हे शिकवता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कलम तीन : संस्थेचे अध्यक्ष

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमच्या संस्थेत अनाथ मुलं असतात, आणि त्यांतली पुष्कळशी अपंग, म्हणजे दोन्हीकडून टाकलेली. मी तिथे कपडे शिवायचे. जे मूल दिवसभर पाठीवर पडून असतं त्याच्या सदऱ्याला पाठीत शिवण चालत नाही, टाका रुततो आणि जखम होते. ज्याचा हात वाकडा राहिला आहे त्याची बाही खांद्यापासून उघडी ठेवून नाडीने बांधायची. जे कॉलर चावतं त्याला कॉलरच द्यायची नाही. हे कुठल्या पुस्तकात नसतं, मुलं रडून सांगतात.

एका वर्षी एका दात्याने सदऱ्यांचे गठ्ठे पाठवले. सगळे एकाच मापाचे, बटणं पाठीवर, आणि छातीवर दात्याचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं. अध्यक्षांनी मुलांना ते घालून ओळीत बसवलं आणि फोटो काढून घेतले. मी म्हटलं, या बटणांवर मुलं झोपणार कशी? ते म्हणाले, "शिवणबाई, दात्याचं मन मोडू नये." मी म्हटलं, "आणि मुलांची पाठ?" त्यावर त्यांनी मला आठवडाभर कात्री हातात घेऊ दिली नाही.

त्यातला एक सदरा मी जपून ठेवला आहे. तो अध्यक्षांना द्यावा. त्यांनी तो घालून एक दुपार पाठीवर निजून बघावी, एवढीच माझी अट आहे.

कलम चार : शिवणयंत्र आणि बटणांचे डबे

शिवणयंत्र, टेप आणि मोठी कात्री संस्थेतल्या आयाबाईंना द्यावी. लहान कात्री धार गेलेली आहे, ती कुणीही घ्यावी.

बटणांचे डबे दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ होता कामा नये, म्हणून कारण लिहून ठेवते. संस्थेत काहीच कुणाचं नसतं. धुतलेल्या कपड्यांचा ढीग यायचा आणि हाताला लागेल तो कपडा मुलाच्या अंगात जायचा. ज्याला आई नाही त्याला निदान सदरा तरी आपला असावा, असं मला वाटायचं. म्हणून मी प्रत्येक मुलाच्या सगळ्या कपड्यांना, डाव्या बाहीच्या टोकाला आतून, एक बटण लावायला लागले. दरेकाचं वेगळं: कुणाचं चौकोनी, कुणाचं खडबडीत, कुणाचं शिंपल्याचं. ज्यांना दिसत नाही ती मुलं त्यावरून आपला कपडा ओळखायची, आणि पुढे एकमेकांनाही तशीच ओळखायला लागली. मनगट धरायचं, आत बोट घालायचं आणि नाव घ्यायचं.

मूल देवाघरी गेलं की मी बटण काढून डब्यात ठेवायचे. एकदा मी रजेवर असताना एक नवा मुलगा आला. आयाबाईंनी काटकसर म्हणून त्या डब्यातलं चांदणीच्या आकाराचं बटण काढून त्याच्या सदऱ्याला लावलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. संध्याकाळी, ज्यांना दिसत नाही त्या मुलांनी त्याचं मनगट धरलं आणि एकच गलका झाला. "आला रे आला! परत आला!" एका मुलीने त्याला मिठी मारून विचारलं, "इतके दिवस कुठे होतास?" नवा मुलगा घाबरून रडायला लागला, आणि आवाज दुसराच आहे हे कळल्यावर सगळीच रडायला लागली. गेलेला मुलगा त्यांच्यासाठी पुन्हा एकदा गेला. आयाबाई चार दिवस जेवल्या नाहीत. तेव्हापासून संस्थेत एक नियम झाला की गेलेल्याचं बटण परत लावायचं नाही.

तर नव्या बटणांचा पत्र्याचा डबा घरात राहू द्यावा. गेलेल्यांचा लाकडी डबा मला शेवटचं न्याल तेव्हा माझ्याबरोबर द्यावा. त्या मुलांची आठवण काढणारं माझ्याशिवाय कुणी नाही. ती इथे एकटी राहायला नकोत.

कलम पाच : चिमणी

चिमणी संस्थेत आली तेव्हा एवढीशी होती आणि तिचा आवाज चिवचिव असा यायचा. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलांना संस्थेत ठेवता येत नाही असा नियम आहे. जी चालती-बोलती असतात ती कामाला लागतात. चिमणीसारख्यांची गाठोडी बांधून मोठ्यांच्या आश्रमात पाठवतात. मी तो आश्रम बघून आले होते. घरी येऊन यजमानांना सांगायला लागले आणि सांगता येईना. ते म्हणाले, "रडतेस कशाला? घेऊन ये."

आणलं त्या दिवशी माझी धाकटी जाऊ आली होती. दारातच सगळ्यांसमोर ओरडली, "जाऊबाई, हे काय नसतं गळ्यात घेतलंत? तुमच्यानंतर ही कुणाच्या गळ्यात?" मी तिला म्हटलं, या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. ती चढली नाही. तिच्या यजमानांच्या मागे ती एकटी राहिली तरी मी बोलावलं नाही आणि ती आली नाही. दोघी एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा.

गेल्या पावसाळ्यात मला अचानक दवाखान्यात ठेवलं. भावाला निरोप गेला, त्याला काम होतं. जावेला निरोप गेला नव्हता, तरी ती आली. मी परत आले ती मेल्या मनाने. आत बघते तो चिमणीची नखं कापलेली, केसांना तेल, पाठीवर एक लाल डाग नाही. जाऊ शेजारी बसून तिला माझ्या कागाळ्या सांगत होती, मी कशी हेकट आणि कशी शिष्ट, आणि चिमणी खदाखदा हसत होती. मला बघून जाऊ उठली, पिशवी उचलली आणि निघून गेली.

मी वकीलसाहेबांना सांगितलं, चिमणी जावेच्या नावाने लिहा. ते म्हणाले, "माणूस मृत्युपत्राने देता येत नाही, बाई. वस्तू देता येते." ठीक आहे. मग वस्तू देते. माझं घर आणि त्यातलं बाकीचं सर्व सामान माझ्या पश्चात माझ्या धाकट्या जावेला मिळावं, या अटीवर की चिमणी जिवंत आहे तोवर तिने तिला याच घरात सांभाळावं. बँकेत आहे ते चिमणीच्या औषधपाण्याला लावावं. मला जाऊ आवडत नाही हे इथे नमूद करते. पण दुसरं कुणी नाही, आणि मी हात जोडते.

कलम सहा : माझं बटण

माझ्याही डाव्या बाहीला आतून बटण आहे. पितळेचं, यजमानांच्या कारखान्याच्या कोटाचं. चिमणी तेच धरून झोपते. उद्या मी नसताना ती रडेल, जेवणार नाही, आणि कुणाला तरी वाटेल की हेच बटण आपल्या बाहीला लावावं म्हणजे पोर गप्प होईल. तसं करू नये. नियम माझ्यासाठीही तोच आहे. ते माझ्याबरोबर जाऊ द्यावं. चिमणीला रडू द्यावं, पण फसवू नये.

शेवटचं कलम : सही करताना लिहिलेलं

वरचं सगळं मी आज पुढच्या खोलीत, चिमणीच्या खाटेजवळ बसून, मोठ्याने वाचून दाखवलं. वकीलसाहेब होते, पहिल्या साक्षीदार डॉक्टरीणबाई होत्या आणि मुद्दाम बोलावून घेतलेली जाऊ होती. दुसरे साक्षीदार शेजारचे गुरुजी, त्यांना ताप आला होता.

वाचून झाल्यावर जाऊ म्हणाली, "गुरुजींच्या जागी मी करते सही. द्या इकडे पेन."

वकीलसाहेब म्हणाले, "काकू, आत्ताच ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार झालात तर घर तुम्हाला मिळणार नाही."

"ऐकलं. बहिरी नाही मी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घर तिच्या नावावर करा. नाहीतर लोक म्हणतील घरासाठी सांभाळली, आणि वर बसून तुम्हीही तेच म्हणाल. मला तिच्या खाटेशेजारी एक अंथरूण पुरे."

मी म्हटलं, "तूच ना विचारलं होतंस, ही कुणाच्या गळ्यात म्हणून?"

"माझ्याच गळ्यात येणार हे तेव्हाच दिसत होतं, जाऊबाई. म्हणून तर ओरडले."

तेव्हा कलम पाचमध्ये घर जावेला दिलं आहे ते रद्द समजावं आणि हे शेवटचं खरं धरावं. घर चिमणीचं. जाऊ त्यात तिच्यासोबत राहील आणि तिला सांभाळील, मोबदला काही नाही. जावेनंतर कोण, हे मला माहीत नाही. ती माझ्याहून फार लहान नाही. डॉक्टरीणबाई आणि वकीलसाहेब दोघांनी "बघू" म्हटलं आहे, त्यावर विसंबते, कारण दुसरं काही हातात नाही.

एवढं लिहीपर्यंत जावेने पत्र्याचा डबा उघडून एक भलंमोठं हिरवं बटण काढलं आणि आपल्या डाव्या बाहीला आतून लावलं. टाके इतके वेडेवाकडे की बघवेनात, पण मी ते उसवले नाहीत. मग ती चिमणीच्या उशाशी बसली. चिमणीने आधी माझी बाही चाचपली, मग तिची. बराच वेळ एकदा हे बटण, एकदा ते, असं चाललं होतं. शेवटी तिने माझं सोडलं आणि हिरवं मुठीत घेऊन झोपली.

मला हेच हवं होतं. तरी माझा हात तिथेच पुढे केलेला राहिला होता. डॉक्टरीणबाईंनी तो हळूच उचलून कागदावर ठेवला आणि मी सही केली.

स्थळ : राहतं घर, चिमणीच्या खाटेजवळ
दिनांक : वर शिक्क्यात घातला आहे तो, वार शनिवार

सही : मृत्युपत्र करणारी, जिला सगळे शिवणबाई म्हणतात

साक्षीदार एक : डॉक्टरीणबाई

साक्षीदार दोन : धाकटी जाऊ. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही, हे ऐकून आणि समजून सही केली. हात मोकळा नव्हता, पोरगी बाही सोडत नव्हती, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे.