गावाचं नाव सांगू की नको

४ ऑक्टो.
बेळगुंदीत तिसरा आठवडा. निवृत्तीनंतरच्या भटकंतीचा सातवा महिना. गोव्यात किनाऱ्यावर चटई टाकायला जागा नव्हती म्हणून पळाले. लोंढ्याला गाडी बदलायची होती, ती बदललीच नाही. फलाटावर चहा पिताना सुमन आक्का भेटल्या. "खोली रिकामी हाय, चला. बघायला मात्र काय न्हाय बघा." खरंच काही नाही. म्हणूनच...

७ ऑक्टो.
सु. आ. बरोबर रताळी काढायला. कुदळ जोरात बसली, तीन कापली. "भूगोल शिकवलात न्हवं बाई? मग जमीन हळू उकरा की!" तीस वर्षं शिकवला, मातीत हात आत्ता. कापलेली तिन्ही उकडून दुधात कुस्करून खाल्ली. कंबर मोडली. फार बरं वाटलं.

१० ऑक्टो.
भटक्या मैत्रिणींच्या ग्रुपवर प्रश्न, आहेस कुठे? शेताचा फोटो टाकला, गावाचं नाव नाही. नाव फुटलं की सेल्फीवाले आलेच. हे आक्कांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला. "तुमास्नी गर्दी नको. मला घरात माणूस पायजे." दिवाळीनंतर मुलगा त्यांना शहरात, कॅम्पातल्या त्याच्या घरी नेणार, इथे कुलूप. एकटीला ठेवणार नाही म्हणतो. खोलीत कोणी राहतं असलं तरच नेणं थांबवेल.

११ ऑक्टो.
दिवसभर स्वतःवर चिडलेली. पर्यटकांना नावं ठेवत फिरते आणि दुसऱ्याचं घर आपलंच समजून लपवते. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

१३ ऑक्टो.
खोलीत राहायला येणाऱ्यांसाठी आक्कांनी अटी सांगितल्या, मी लिहिल्या. आठ दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्यांनी येऊ नये. एका वेळी एकच बाई. जेवण चुलीपाशी, सगळ्यांबरोबर. शेतात यायची सक्ती नाही, "खरं आलात तर कुदळ हळू." ग्रुपवर टाकलं, गावाचं नाव आणि आक्कांचा नंबर यांसकट. बोट दोनदा मागे घेतलं होतं.

१७ ऑक्टो.
मुलगा आला होता. अटी वाचून हसला. "तुमी गेल्यावर कोण येतंय का बघू." नाही म्हणाला नाही, हेच पुष्कळ. आक्कांनी त्याला जाताना पिशवीभर रताळी दिली. आज स्वयंपाक करताना गुणगुणत होत्या.

१९ ऑक्टो.
फोन! साताऱ्याची कोणी बाई, ग्रुपमधल्या एकीच्या ओळखीची. आक्कांनीच घेतला. "बघायला? काय न्हाय हितं. धबधबा न्हाय, किल्ला न्हाय. ऱ्हायचं असलं तर या." मग तिने विचारलं, खोली कधी रिकामी होईल? आक्का फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. मला दिवाळी इथेच करायची होती. सोमवारी, म्हणाले. जीव तुटला, पण म्हणाले.

"कळवते" म्हणाली ती. येईल ना?

आक्कांनी मात्र लगेच गादी उन्हात घातली. अहो, मी अजून गेले नाही!