कवीच्या घराची खिडकी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईच्या वस्तूंपैकी तू एकच मागितलीस: जेवणाच्या टेबलावरचं, कवीच्या नदीकाठच्या घराचं जुनं छापचित्र. आईचा हा लाडका कवी म्हणजे आपल्याकडचा बिनभाड्याचा बिऱ्हाडकरूच की! आज ते टपालाने पाठवतोय.

पण तसंच कसं पाठवू? संग्रहालयात रोज लोकांचे जुने कागद धुतो, मग बहिणीच्या वेळीच हात आखडता घेऊ? दीडशे वर्षांचा कागद, पार पिवळा पडला होता. धुतल्यावर नदीची एकेक रेघ दिसायला लागली, काठाजवळ नाव दिसली, नावेत माणूस दिसला. घराच्या खिडकीतला एक पिवळा डाग मात्र भलताच चिवट. आईच्या चहाचा शिंतोडा असणार. चार दुपारी कापसाचे बोळे घेऊन मागे लागलो आणि शेवटी घालवलाच. आता शोधून दाखव!

अकरा वर्षांत तू आली नाहीस, निदान कवीचं घर तरी तुझ्याकडे येतंय. राग मानू नकोस, धाकट्याला एवढं बोलायचा हक्क आहे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

१२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मी भांडून घर सोडलं, त्या वर्षी आईचं एकच पत्र आलं होतं. धाकटा तेव्हा शिकायला बाहेर होता. चित्राची काच काढून तिने त्या घराच्या खिडकीत पिवळा रंग भरला होता. तू येईपर्यंत हा दिवा असाच राहील, असं तिने लिहिलं होतं. मी ते पत्र रागाच्या भरात फाडून टाकलं. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले आणि आई गेली.

तिने मला माफ केलं होतं, याची तेवढीच खूण उरली होती गं. ती धाकट्याने पुसली, आणि तीही माझ्यावरच्या मायेपोटी. पार्सल उघडलं आणि ओक्साबोक्शी रडले.

त्याला यातलं काही कळू देऊ नकोस. आईच्या आजारपणात तो एकटा खपला. हे कळलं तर पुन्हा कुठल्या कागदाला हात लावायचा नाही.

तब्येतीला जप. मला रागवायचं काम आता तुझ्याकडेच आहे.
तुझी,
मोठी

१३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चित्र सुखरूप पोचलं. टेबलासमोरच लावलंय. नावेतला माणूस मीही पहिल्यांदाच पाहिला. तो घराकडे येतोय की घरातून निघालाय, ते काही कळत नाही. महिनाअखेरीस मी येतेय. उशीर केलास म्हणून बोलशील, ते ऐकून घेईन.

आणि हो, खिडकीतला तो डाग. भिंग घेऊन शोधला. कुठेच नाही रे.

माया आहे तेवढी सगळी तुलाच.
तुझी,
ताई