मूळ फोटो सापडत नाही

४ मार्च, सोमवार
हिचा मेसेज आला! बहिणीकडे राहायला गेल्यापासून पहिलाच. 'माझा एखादा बरा फोटो असेल तर पाठव', एवढंच लिहिलंय.
म्हणजे राग निवळला. चिडलेली बाई नवऱ्याकडे फोटो मागत नाही. जुने दिवस आठवत असणार. फोटो बघेल, डोळ्यांत पाणी येईल, बॅग भरेल. आठवडाभरात घरी.
कळवलं की पाठवतो, पण आधी सगळं नीट लावून घेतो. मी लग्नांचे फोटो काढणारा माणूस, बायकोला कसातरी फोटो पाठवणं बरं दिसत नाही.
ठराव : उद्यापासून फोल्डरांना शिस्त. जाताना ती म्हणाली होती की तुझ्याकडे कशालाच धड जागा नाही, मलासुद्धा. कॉम्प्युटरबद्दलच बोलत होती. तिचं बरोबर आहे.

५ मार्च, मंगळवार
पाहणी केली. डेस्कटॉपवर 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल खरं' आणि 'हेच घ्या' असे फोल्डर. 'हेच घ्या'मध्ये काहीच नाही.
कागदावर नवी रचना आखली. वर्ष, त्यात महिना, त्यात पार्टीचं नाव. पार्टीच्या पोटात कॅमेऱ्यातून आलेले रॉ, मग निवडलेले, मग एडिट झालेले, मग द्यायचे. एक्स्पोर्टचा पत्ता एकदा भरून ठेवला की प्रत्येक फोटो मुकाट्याने आपापल्या घरी जाणार. आराखडा इतका देखणा झाला की त्याचाच फोटो काढून ठेवला. कुठे ठेवला ते बघायला हवं.
वकीलसाहेबांचा फोन. मुलीच्या लग्नाचे फोटो कधी देताय? म्हटलं, पायाभूत काम चालू आहे. म्हणाले, मुलीला सातवा महिना लागलाय, निदान बारशाच्या आत द्या. लोकांना धीर म्हणून नाही.

८ मार्च
डिस्क काठोकाठ. प्रत्येक कामात एक 'टेस्ट' फोल्डर सापडला. हॉल रिकामा असताना उजेड तपासायला घेतलेले फोटो. ना पार्टीला द्यायचे, ना छापायचे. इतकी वर्षं सांभाळले, काय म्हणावं मला. एक घाव दोन तुकडे. उघडूनही न बघता सगळे उडवले, कचरापेटीही रिकामी केली. मग बॅकअपची डिस्क जोडली. ती मी अशी हुशारीने लावलीय की इकडे जे आहे तेच तिकडे, आणि इकडे जे नाही ते तिकडेही नाही. दोन्हीकडची घाण एकदम गेली.
मोकळ्या जागेत वकीलसाहेबांचं लग्न दोनदा कॉपी करून ठेवलं. असू दे जवळ.
हिला कळवलं की आज फार मोठी सफाई केली. 'बरं' असं उत्तर आलं. कमी बोलते, पण कौतुक कळतं.

१२ मार्च
सगळे फोल्डर उचलून नव्या जागी नेले. एडिटिंगचा प्रोग्रॅम उघडला तर प्रत्येक फोटोवर प्रश्नचिन्ह. प्रोग्रॅम फोटो स्वतःजवळ ठेवतच नाही म्हणे. त्याच्याकडे असतं फक्त नखाएवढं चित्र आणि मूळ फोटोचा पत्ता. मी घर बदललं आणि त्याला सांगितलं नाही. हात दाखवून अवलक्षण.
दिवसभर एकेका फोल्डरचा नवा पत्ता त्याला दाखवत बसलो. हिने विचारलंय, फोटोचं काय झालं. उतावीळ झालीये. बघून बरं वाटलं.

१५ मार्च, शुक्रवार
आज नक्की पाठवायचा. 'घर' नावाचा फोल्डर उघडला. नव्या लेन्सने काढलेली भिंत. पुन्हा भिंत. फ्रीजची पावती. खिडकीतली कुंडी, बरीच वेळा. ही नाही.
असं कसं होईल? प्रत्येक कामाला ती माझ्यासोबत असायची. तिचे फोटो मी काढलेत, मला चांगलं आठवतंय. पिवळ्या साडीतला तर डोळ्यांसमोर आहे. हातात राखाडी कार्ड, रिकामा हॉल, मागे फुलवाला शिडीवर

संध्याकाळी
राखाडी कार्ड रंग जुळवायला लागतं. नवरी यायच्या आधी नवरीच्या जागी कुणीतरी कार्ड धरून उभं राहावं लागतं. ती राहायची. ते टेस्ट.
ते सगळे टेस्ट होते.
प्रोग्रॅममध्ये नखाएवढी चित्रं अजून आहेत, प्रत्येकावर प्रश्नचिन्ह. मोठं करायला गेलं की चेहऱ्याचे चौकोन होतात आणि खाली येतं, मूळ फोटो सापडत नाही. एकामागून एक बघितली. पहिल्या वर्षांत कार्ड हनुवटीखाली धरून हसतेय. एकात जीभ काढलीये. पुढे पुढे नुसतीच उभी. शेवटच्या वर्षात दाराकडे बघतेय. मी त्या वेळी काय बघत होतो? कार्ड. इतक्या वर्षांत एकदाही कार्डाच्या वर बघितलं नाही.
फार वाईट वाटतंय. लिहून ठेवतो, बाकी कुणाला सांगणार.

१६ मार्च
डिस्कमधून गेलेले फोटो काढून देणाऱ्याकडे गेलो. म्हणाला, फोटो उडवले तरी त्या जागेवर दुसरं काही ठेवलं नसतं तर निघाले असते. तिथे आता वकीलसाहेबांचं लग्न आहे, दोनदा. नवखा दिसतो. उद्या दुसरीकडे विचारतो.

१८ मार्च
दुसराही नवखा.
स्क्रीनवरच्या चित्राचाच कॅमेऱ्याने फोटो काढून बघितला. पट्टे आले. असलं काही पाठवणं माझ्या नावाला शोभणार नाही. हिला लिहिलं की थोडा वेळ लागेल, पण चीज होईल. उत्तर नाही.

२० मार्च
शेवटी मेहुणीला फोन केला. म्हणाली, भाऊजी, तो फोटो ओळखपत्राला हवा होता. ताईला इथल्या शाळेच्या ऑफिसात नोकरी लागलीये. शनिवारपर्यंत थांबली, मग कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन काढून आली. दहा मिनिटांत दिला त्याने. जवळच खोलीही घेतलीये, आता ती येईल असं धरून बसू नका.
मेहुणीला आमच्यातलं काय कळतं? तरी म्हटलं, तो फोटो मला पाठव.

२४ मार्च, रविवार
फोटो आला. पांढरा पडदा, समोरून सपाट फ्लॅश, कानामागे सावली. बाकी काही चूक काढता आली नाही. स्टुडिओवाल्याने जरा वर बघा म्हटलं असणार. तिने बघितलंय. फार सुंदर दिसतेय.
हिला लिहिलं, परत आलीस की याहून चांगला काढतो, उजेड नीट लावून. पाठवायच्या आधी खोडलं. मग नुसतं लिहिलं, परत ये. तुझ्याशिवाय मला करमत नाही. हे मी तिला याआधी कधी म्हटलं नव्हतं. जाताना दारातसुद्धा नाही. तेव्हा मी कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांवरचं कुणाचं तरी लग्न कॉपी करत होतो.
बऱ्याच वेळाने उत्तर आलं. नाही रे. जेवत जा वेळेवर.
खूप रडलो. मग जेवलो.