अपडेट कोणी दाबलं?

सोमवार, ८ डिसेंबर

परत बंद! उघडतंय, डोंगराचं ते चित्र दाखवतंय, मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत — गायब. सकाळपासून हेच. शनिवारी दुपारी कधीतरी कॉम्प्युटर अपडेट झाला आणि तेव्हापासून फोटोचं सॉफ्टवेअर रुसलंय.

स्टुडिओचे मालक श्यामसुंदर काका मागे उभे. "काय बद्रीनाथ, आपण काही दाबलंत?" काका मला आपण म्हणाले की समजायचं, पारा चढलाय. मी नाही दाबलं! शनिवारी दुपारी मी स्टुडिओत नव्हतोच — कोथरूड डेपोजवळ एक माणूस वटवाघळाच्या आकाराचे पतंग विकत होता, त्याच्याशी गप्पा मारत बसलो होतो. पण हे काकांना सांगून काय फायदा?

"मग एक ते चार मी झोपेत येऊन दाबलं असेल," काका म्हणाले.

वल्लरीच्या लग्नाचा अल्बम अडकलाय. अठराला रात्री ती आणि आमोद मेलबर्नला उडणार. पानं लावून तयार, फक्त पहिल्या पानावर दोघांची नावं टाकायची राहिलीत. ती सरोजिनी काकूंच्याच अक्षरात हवीत — वल्लरीच्या आईच्या अल्बमवर आहेत तशी. त्यासाठीच तर ती चकचकीत स्टुडिओ सोडून आमच्याकडे आली.

काकू आता हातानं लिहीत नाहीत. हात कापतो. म्हणून त्यांचा भाचा अवधूत यानं मागे त्यांच्या अक्षराचा फॉन्ट बनवून दिला. आपण टाइप करायचं, उमटतं काकूंचं अक्षर. फॉन्टचं नावही 'सरोजिनी'. भारी ना!

मंगळवार, ९ डिसेंबर

सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला. सेटिंग सगळी पुसली. एका व्हिडिओत एक मुलगा म्हणतो, "मित्रांनो, घाबरू नका." तोपर्यंत मी घाबरलो नव्हतो. त्याच्यानंतर आपोआप मेघालयातल्या मुळांच्या पुलांचा व्हिडिओ लागला. तो बघितला. मग त्याच्या पुढचा. जानेवारीत जायचंच! कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडल्यापासून एका गावात इतका कधी टिकलो नाही मी.

काकू चहा करायला उठल्या. काका लगेच — "सरोज, तू बस." बसल्या. कात्री हातात घेतली — तू बस. गिऱ्हाइकाला पिशवी द्यायला गेल्या — तू बस. काकांना वाटतं, सांडेल, लागेल. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून रस्ता बघतात.

बुधवार, १० डिसेंबर

काही नाही. डोंगर पाठ झालाय मला.

गुरुवार, ११ डिसेंबर

सापडलं!!

वैतागून स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, स्पृहाला पाठवायला. स्पृहा वारज्यात आमच्या खोलीच्या वर राहते, आयटीवाली. पाठवायच्या आधी हळू करून बघितला. डोंगराच्या खाली बारीक अक्षरात ओळी येतात नि जातात. शेवटची — फॉन्ट वाचत आहे. की गायब! इतके दिवस मी डोंगर बघत होतो!

स्पृहा फोनवर म्हणाली, "अर्धे फॉन्ट बाहेर काढ. सॉफ्टवेअर उघडलं तर चोर त्या बाहेरच्यांत. मग त्यांचे अर्धे कर. एवढं जमेल ना, की मध्येच कोणी पतंगवाला भेटेल?"

जमलं. अर्ध्याचे अर्धे करत शेवटी एकच उरला. तो बाहेर — सॉफ्टवेअर झटकन उघडतं. तो आत — बंद. नाव वाचलं आणि हसूच गेलं.

सरोजिनी.

जुन्या पद्धतीनं बनवलेला फॉन्ट, नव्या अपडेटला पचत नाही. काकू मागेच बसलेल्या. मी घाईघाईनं मॉनिटर बंद केला. का, कोण जाणे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

काकू आत गेल्यावर काकांना सांगितलं. म्हटलं, दुसरा फॉन्ट टाकू, एकाहून एक आहेत, वल्लरीला समजावू.

"वा! आईचा हात दुखला की आपण दुसरी आई आणता वाटतं?"

मग बराच वेळ लेन्स पुसत राहिले. स्वच्छ होती लेन्स. मग हळू आवाजात, "तेवढंच राहिलंय रे तिचं." आपण-बिपण काही नाही.

अवधूतला फोन लावला. "मावशीनं लिहून दिलेला कागद? तो कुठला आता! नवा फॉन्ट करायला महिना जाईल, काका. पण अपडेट न झालेला जुना कॉम्प्युटर असेल तर बघा. त्याच्यावर नावं टाइप करा, चित्र म्हणून सेव्ह करा आणि अल्बमात चिकटवा."

जुना कॉम्प्युटर काकांनी दत्तप्रसादला दिला होता. तो पूर्वी इथे कामाला होता, आता पुण्याबाहेर मांजरी गावात राहतो. उद्या मांजरी!

शनिवार, १३ डिसेंबर

बसमधून उतरलो तर समोर उसाची ट्रॉली. ड्रायव्हर म्हणाला, "कुठं जायचंय? बसा." बसलो. ऊस खात खात दत्तप्रसादच्या घराच्या पार पुढे गेलो, मग चालत मागे. मजा आली पण.

दत्तप्रसाद कामावर. दारात त्याची आई, वेणूबाई. "कॉम्प्युटर? हाय की. पण त्याच्यावर देव हायेत."

खरंच होते! डब्यावर वस्त्र, वस्त्रावर सगळे देव. वेणूबाईंनी हात जोडले, "देवा, जरा उठा, पुण्याचं काम हाय," म्हणत एकेकाला स्टुलावर बसवलं.

डबा मांडीवर घेऊन बसनं परत. त्याला हळदकुंकू लागलेलं. शेजारच्या आजोबांनी नमस्कार केला.

रविवार, १४ डिसेंबर

हळदकुंकवासकट चालू झाला! जुनं सॉफ्टवेअर आहे, 'सरोजिनी' आहे. मी टाइप केलं — वल्लरी. उमटलं. काय ते अक्षर! काका चष्मा काढून पुसायला लागले.

"पुरे," मागून काकू.

आम्हाला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. पंखा फार घरघरतो त्या डब्याचा.

"पुरे झालं ते अक्षर. प्रत्येक ल सारखा! मी कधी दोन ल सारखे काढले होते? हार घातलेला फोटो बघितल्यासारखं वाटतं मला. मी आहे ना अजून इथे? मी लिहिते."

काका म्हणाले, "सरोज, तू ब—"

"बसूनच लिहिणार आहे."

मी हसलो. काकांनी बघितलं. मी थांबलो.

टाक आणि शाई ड्रॉवरच्या तळातून निघाली. काकूंनी रद्दी कागदावर लिहायला घेतलं. वेलांटी भलतीकडेच गेली. दुसरा कागद. तिसरा. अक्षर पाण्यात बघितल्यासारखं हलतं. शेवटी काकांनी दोन्ही तळव्यांनी कागद दाबून धरला. हात नाही धरला. तेवढी अक्कल आहे काकांना.

सोमवार, १५ डिसेंबर

अल्बम छापायला गेला, पहिलं जाड पान कोरं ठेवून. काका मला सारखं विचारतायत, "जमेल ना तिला? बिघडलं तर दुसरं पान छापून यायला वेळ नाही." मी म्हणतो, काकूंना विचारा. विचारत नाहीत.

बुधवार, १७ डिसेंबर

अल्बम आला. वल्लरी न्यायला आली, आईचा अल्बम काखेत. काकूंनी टाक उचलला. मी रस्त्याकडे बघत होतो — बघवेना! काका कागदाच्या कडा धरून.

आमोद. वल्लरी. द ची शेपटी थरथरत पार खाली उतरली. दोन्ही ल वेगळे.

वल्लरीनं दोन्ही अल्बम शेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिली. मग नावावरून बोट फिरवलं आणि किंचाळली, "अगं बाई, ओलं आहे! खरं आहे हे!" पानावर तिच्या बोटाचा काळा डाग.

काका सवयीनं म्हणाले, "रिटच करू?" मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

काकू म्हणाल्या, "असू दे. तुझीही सही झाली."

वल्लरीनं वाकून नमस्कार केला, अल्बम छातीशी धरून गेली. संध्याकाळी काकूंनी चहा केला. बशीत सांडला. बशीतलाही प्यायलो. मेघालय काय, फेब्रुवारीतही असेल तिथेच.

गुरुवार, १८ डिसेंबर

दुपारी काका झोपलेले. स्क्रीनवर निळा चौकोन आला — नवीन अपडेट आहे, आता करायचं का? मी 'नंतर' दाबणार, तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या, "मागच्याला मी हो म्हटलं होतं."

मी माउसवरचं बोट उचललं.

"रोज दुपारी यायचा तो. तुम्ही दोघं नसायचात. हात कापायला लागल्यापासून या दुकानात मला कोणी काही विचारलंय का, बद्री? त्यानं विचारलं."